शिवणीत माया किती?

३१ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. ७ महिन्यांनी तिचं लग्न आहे आणि त्यात तिला गाऊन घालायचा आहे. मनातलं चित्र कित्येक वर्षांपासून पक्कं आहे: मर्मेड, म्हणजे गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर उतरणारा आणि तिथून खाली पसरणारा. आतापर्यंत दोन दुकानं झाली. पहिल्या दुकानात एकही नमुना पाठीत बंद झाला नाही, म्हणून तो नुसता अंगापुढे धरून तिला आरशासमोर उभं केलं. दुसऱ्या दुकानात आत शिरताच सांगितलं गेलं, 'तुमचा ॲपल शेप आहे, तुम्हाला एम्पायरच चांगला दिसेल,' म्हणजे छातीच्या खालूनच सैल सुटणारा गाऊन. आई म्हणते, पूर्ण बाह्या हव्यात, दंड दिसायला नकोत. मोठी बहीण म्हणते, एक माप लहानच घे, त्या निमित्ताने वजन उतरेल. मैत्रीण विचारते, 'ताई, पोट लपेल, दंड लपतील आणि तरी मी मीच दिसेन असा गाऊन असतो का? की माझ्या मापाच्या बाईने मर्मेडचा नाद सोडलेला बरा?'

प्रिय मैत्रिणी,

तुझं पूर्ण पत्र दोनदा वाचलं. त्यात पोट सहा वेळा आलंय, दंड चार वेळा, आणि खांदे एकदाही नाहीत. शिवणाऱ्या माणसाला हे लगेच खटकतं. हे सदर लिहायला लागण्याआधी बरीच वर्षं मी लग्नाचे कपडे बेतले आणि शिवले. कुठलाही गाऊन आधी खांद्यावर आणि छातीखाली नीट बसतो की नाही ते बघायचं, हा धडा मी चांगलं कापड वाया घालवून शिकले आहे. पोटाकडे आपण येऊच, पण तू सुरुवातच तिथून केलीस आणि म्हणून अडकलीस, असं मला वाटतं.

आधी दुकानांचं बोलू. नमुन्याचे गाऊन बहुतेक ठिकाणी एकदोन मधल्या मापांचेच ठेवलेले असतात. बारीक मुलीला ते पाठीमागून चिमटे लावून दाखवतात आणि आपल्याला अंगापुढे धरून. आपल्या मापाचा गाऊन दोघींपैकी कुणालाच दिसत नाही, पण तिला निदान अंदाज येतो. तू मात्र घरी येऊन रडलीस, असं लिहिलं आहेस. पुढच्या वेळी निघण्याआधी फोन कर आणि सरळ विचार, 'माझ्या मापाचे किती नमुने मला प्रत्यक्ष घालून बघता येतील?' 'कोणताही गाऊन कोणत्याही मापात मागवून देऊ' हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. आणि लेबलवरच्या आकड्याला घाबरू नकोस. लग्नाच्या गाऊनची मापं रोजच्या कपड्यांच्या मानाने लहान धरलेली असतात. बहुतेक सगळ्याच जणींना तिथे एकदोन आकडे वरचं माप लागतं.

आता ते सफरचंद. बायकांच्या अंगाला सफरचंद, नासपती अशी नावं देणारा हा फळांचा तक्ता मला कधीच पटला नाही. तो माणसाकडे भिंतीवरच्या सावलीसारखा बघतो, म्हणजे फक्त समोरून. अंगाला जाडीही असते. छाती, कंबर आणि सीट (म्हणजे नितंबांचा घेर) यांची मापं अगदी सारखी असलेल्या दोघी जणी घे. एकीचं पोट पुढे असतं आणि पाठ सपाट असते. दुसरीचा भार कमरेभोवती आणि पाठीवर सारखा पसरलेला असतो. एकच गाऊन दोघींच्या अंगावर दोन तऱ्हांनी पडेल, आणि तक्ता मात्र दोघींना एकाच फळात घालून मोकळा होईल.

त्यापेक्षा घरी एक काम कर. बारीक इलॅस्टिक कमरेला बांध आणि दोन्ही बाजूंना वाक. ते जिथे जाऊन थांबेल तिथे तुझी खरी कंबर. मग बहिणीला बाजूने एक फोटो काढायला सांग. त्यात दोन गोष्टी बघायच्या. छातीच्या खालच्या कडेपासून त्या इलॅस्टिकपर्यंत किती अंतर आहे? आणि पोटाचा सगळ्यात पुढे आलेला भाग इलॅस्टिकच्या वर आहे की खाली? या दोन उत्तरांवरून गाऊनची कमरेची शिवण कुठे यावी हे बरंचसं ठरतं. अंतर कमी असेल तर कमरेवर रुंद पट्टा नको, तो छातीलाच भिडतो. तिथे मधोमध खाली टोक येणारी, व्हीसारखी शिवण छान दिसते. पोट खाली असेल तर खऱ्या कमरेवर घट्ट बसून तिथूनच सुटणारा घेर चांगला पडतो. पोट वरच्या बाजूला, छातीच्या जवळ असेल तर कमरेवर आवळण्यात अर्थ नाही. तिथे वरपासून खालपर्यंत उभ्या शिवणी असलेला, मधे जोडच नसलेला प्रिन्सेस कट घ्यावा.

एम्पायरबद्दल मात्र मला जरा सविस्तर तक्रार करायची आहे, कारण जाड बाई दिसली की तिला एम्पायर सुचवणं ही एक सवयच होऊन बसली आहे. एम्पायरची शिवण छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवर बसायला हवी. ती तशी बसली तर हा कट सुंदरच दिसतो. पण छाती भरलेली असेल आणि गाऊन त्या मानाने बेतलेला नसेल तर ती शिवण वर सरकते आणि छातीच्या मधोमध येते. मग खालचं सगळं कापड छातीच्या टोकावरून सरळ जमिनीपर्यंत लोंबतं. पोट लपतं, पण बाईही लपते. समोरच्याला वाटतं आत आणखी बरंच काही असेल, आणि अर्धे लोक मनात बाळंतपणाचा महिना मोजायला लागतात. म्हणून एम्पायर घालून बघितलास तर फक्त त्या शिवणीखाली बोट घाल. बोट बरगडीला लागलं तर पुढे विचार कर. छातीला लागलं तर तो गाऊन उतरव, मग तो कितीही गोड दिसत असो.

ए-लाइन हा दुसरा ठरलेला सल्ला. फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियान दिओरने १९५५ मध्ये आपल्या कपड्यांच्या एका संग्रहाला हे नाव दिलं. वर निमुळतं आणि खाली पसरत जाणारं, इंग्रजीतल्या ए अक्षरासारखं. आकार म्हणून हा सोपा आहे, फार कमी जणींना वाईट दिसतो. माझा आक्षेप इतकाच की 'वाईट दिसत नाही' एवढ्यासाठी कुणी लग्नाचा कपडा घेऊ नये. घालून जरूर बघ, पण घाबरून घेऊ नकोस.

कटची नावं काय, ती दोन दिवसांत पाठ होतात. खरी गोम दुसरीकडेच आहे आणि ती दुकानात सहसा कुणी बोलत नाही. गाऊन आधी एका मधल्या मापासाठी बेतला जातो. मोठी मापं त्यावरून गणिताने वाढवतात, सगळीकडे ठरावीक सेंटीमीटर मिळवत जातात. पण कंबर जितकी वाढते तितके काही खांदे रुंद होत नाहीत, मानही तितकी जाड होत नाही. म्हणून असा वाढवलेला गाऊन कमरेला बरोबर बसतो आणि खांद्यावरून घसरतो, पुढे वाकलं की गळा उघडा पडतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, काखेच्या पार खाली जातो. बाईला वाटतं आपल्यातच काहीतरी बेढब आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: 'हा नमुना मोठ्या मापांसाठी वेगळा बेतलाय, की लहान मापावरून वाढवलाय?' समोरच्याला प्रश्नच कळला नाही तर तेही उत्तरच समज. तयार घेण्याऐवजी शिवून घेणार असशील तर महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी साध्या सुती कापडावर एकदा कच्चा गाऊन शिवून मागव. मी हे केल्याशिवाय कधीच पुढे गेले नाही.

छातीचा आधार ही दुसरी न दिसणारी गोष्ट. भरपूर घेराचे, भरतकाम केलेले गाऊन ४-५ किलोपर्यंत सहज जातात. हे वजन बारीक पट्ट्यांवर टाकलं तर तासाभरात खांद्यावर वळ उठतात. पट्टे नसलेला गाऊन मग उभा कसा राहतो? तो वरच्या कडेवर आवळून राहत नाही, राहायलाही नको. आतून कमरेला एक मजबूत फीत शिवलेली असते. गाऊनची चेन लावण्याआधी ती फीत हुकाने घट्ट लावायची, म्हणजे सगळा भार कमरेवर येतो आणि वरचा भाग आत शिवलेल्या उभ्या बोनांच्या, म्हणजे ताठ पट्ट्यांच्या जोरावर ताठ राहतो. ही फीत नसली की बाई दिवसभर दोन्ही हातांनी गाऊन वर ओढत फिरते. तुझ्यासाठी निवडलेल्या गाऊनमध्ये अशी फीत नसेल तर बसवून घे. छोटं काम आहे, आणि फरक घातल्याक्षणी कळेल. काखेजवळ मांस फुगून वर येतं म्हणतेस, त्याचं कारणही बहुधा इथेच आहे. वरची कड गरजेपेक्षा घट्ट असली की असं होतं. तिथे आणखी आवळू नये. कड थोडी सैल करावी आणि बाजूने वर चढवावी.

आता दंड. आईच्या म्हणण्यात चूक नाही. तिला तू शोभायला हवी आहेस, तिच्या मनात दुसरं काही नाही. पण पूर्ण बाही म्हणजे झाकलेला दंड असं गणित नसतं. बाहीची कड जिथे संपते तिथे डोळा थांबतो. म्हणून दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपणारी छोटी बाही तीच जागा बोट दाखवून सांगते. बाही हवी तर कोपराच्या खाली, जिथे हात निमुळता व्हायला लागतो तिथपर्यंत घे, आणि कापड पातळ, आरपार दिसणारं घे. जाड साटिनची घट्ट पूर्ण बाही बघताना सभ्य वाटते, पण तिच्यात हात उचलत नाही. आणि मुंढ्याची एक गंमत सांगते. सगळ्यांना वाटतं, मुंढा खोल आणि सैल केला की हात मोकळा होईल. होतं उलटं. मुंढा खाली असला की हात उचलताच अख्खा गाऊन बाजूने वर ओढला जातो. काखेला जवळ, उंच कापलेला मुंढा हाताला जास्त मोकळं सोडतो. ट्रायलच्या वेळी दोन्ही हात वर करून कुणाच्या तरी गळ्यात पड. लग्नाच्या दिवशी तुला हे शेकडो वेळा करायचं आहे.

स्वतःला विचारण्यासारखा प्रश्न असा आहे: दंड तुला नको आहेत की आईला? तुझं उत्तर 'मला' असेल तर बाही घे, त्यात कमीपणा काही नाही. उत्तर 'आईला' असेल तर आतून बारीक बटणांनी लावता-काढता येतील अशा बाह्या शिवून घे. विधीपुरत्या राहतील, नाचताना उतरतील. असल्या बाह्यांनी मी दोन घरांतली भांडणं मिटवली आहेत.

आणि मर्मेड. नाही, तू नाद सोडू नकोस. निदान घालून बघितल्याशिवाय तरी नको. मर्मेडला सपाट पोट लागतं हा समज आहे. त्याला लागतं ते जाड, अंगचं वजन असलेलं कापड आणि भरपूर कळ्या, म्हणजे जोडून शिवलेले कापडाचे उभे तुकडे. पातळ चकचकीत साटिन उंचवट्यांवर प्रकाश पकडतं, मग खालचा प्रत्येक चढउतार दिसतो. आतल्या चड्डीची कडसुद्धा दिसते. तोच आकार जाड क्रेपमध्ये किंवा मिकाडोसारख्या कडक रेशमी कापडात घे, ते कापड स्वतःचा आकार स्वतः धरून राहतं. कळ्या जितक्या जास्त तितका वळसा शिवणींमध्ये विभागला जातो, कापडाला ताणावं लागत नाही. आणि घेर गुडघ्याला सुटण्याऐवजी मांडीच्या मध्यापासून सुटू दे. दिसायला फारसा फरक पडत नाही, चालायला आणि जिने चढायला मात्र जमीन-अस्मानाचा पडतो. गुडघ्यापर्यंत घट्ट असलेल्या गाऊनमध्ये कुणीच नीट चालू शकत नाही, बारीक मुलीही तुरुतुरु पावलं टाकतात.

तो अंगावर आला की आरशात स्वतःकडे बघण्याआधी सुरकुत्यांकडे बघ. आडव्या सुरकुत्या असतील तर तिथे घट्ट आहे. उभ्या असतील तर तिथे सैल आहे. तिरप्या सुरकुत्या बहुतेक वेळा जिथे दुखतंय तिकडे बोट दाखवतात. पोटाखाली आडव्या वळकट्या पडल्या तर दोष पोटाचा धरू नकोस. कारण बहुतेकदा सीटला घट्ट आहे, एवढंच असतं. पुढची कड मागच्यापेक्षा उचललेली दिसली तर पोटावरून जाताना पुढचं कापड जास्त खर्च झालंय. पुढच्या कळ्यांची लांबी वाढवली की कड सरळ होते. हे ऑर्डर देतानाच सांगायचं असतं, कारण तयार गाऊन खालून वाढवता येत नाही.

मग बस. खरोखरच्या खुर्चीत, पाच मिनिटं. बसल्यावर कंबर आणि सीट पसरतात, म्हणून टेपने मापंही बसून एकदा घ्यायची. हे सगळं होऊनही मर्मेड आवडला नाही तर सोडून दे, पण मग तो तू सोडलेला असेल.

वजनाचं आणि एक माप लहान घेण्याचं. तू लग्नापर्यंत व्यायाम कर, करू नकोस, तो या सदराचा विषय नाही. पण कापडाचं गणित बघ. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. समज, प्रत्येक बाजूला दीड सेंटीमीटर माया आहे. त्यातलं अर्धा सेंटीमीटर तरी आत राहायला हवं, नाहीतर शिवण उसवेल. उरलं एक. दोन बाजूंच्या दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत कापडाच्या दोन कडा, म्हणजे सगळं उसवूनही मिळाले ४ सेंटीमीटर. एक माप साधारण तेवढंच असतं. म्हणजे जरा कमीजास्त झालं की संपलं. त्यात साटिनवर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात आणि भरतकाम असेल तर ते आधी काढावं लागतं. मोठा गाऊन मात्र एकदोन मापांनी सहज आत घेता येतो. वजन उतरलंच तर ते छातीवरून उतरेल की कमरेवरून, हेही आपल्या हातात नाही. म्हणून जो भाग सगळ्यात मोठा, त्याचं आजचं माप धरून ऑर्डर दे आणि बाकीचं आत घेऊ दे. मनात धाकधूक असेल तर पाठीमागे चेनऐवजी दोरीने ओवलेली पाठ घे. ती दोन्हीकडे काही सेंटीमीटर सरकते, फक्त दोरीच्या आत गाऊनच्याच कापडाची पट्टी लावायला विसरायचं नाही.

वेळ तुझ्याकडे आहे, पण ढिलाई करण्याइतका नाही. मागवून येणाऱ्या गाऊनला ४ ते ६ महिने सहज लागतात, म्हणजे तुला लगेचच ठरवायला हवं किंवा शिवून घ्यायला हवं. पहिली ट्रायल लग्नाआधी २ महिने, शेवटची आठ-दहा दिवस आधी. पाळीच्या आसपास पोट फुगत असेल तर एक ट्रायल मुद्दाम त्या दिवसांत घे. शेपवेअर, म्हणजे अंग आवळून धरणारे आतले कपडे, घालणार असशील तर मापं देण्याआधीच विकत घे आणि प्रत्येक ट्रायलला तेच घाल. ते एक माप लहान घेतलंस तर वरची कड वळकटी होऊन कमरेवर येते आणि नवीनच एक टायर तयार करते. घालणार नसशील तरी मांड्या घासू नयेत म्हणून आत मऊ, मांडीच्या मध्यापर्यंत येणारी शॉर्ट्स हवीच. लग्नाचे बूटही पहिल्या ट्रायलपासून, नाहीतर खालची कड चुकते.

रंगाचं फार मनावर घेऊ नकोस. गडद रंगात बारीक दिसशील असं कुणीतरी म्हणालं, असं लिहिलंस. गडद रंग आवडत असेल तर खुशाल घे. पांढऱ्या गाऊनची जी परंपरा आपण अनादी समजतो तीही व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये पांढरं साटिन घातलं त्यानंतर रुळलेली आहे. पण नुसतं बारीक दिसायला गडद घेशील तर फोटोत टाके, कळ्या, लेस सगळं बुडून जाईल, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच.

पुढच्या दुकानात तीन जणींना घेऊन जाऊ नकोस. एकीलाच ने, आणि जिच्यापुढे तुला पोट आत ओढून उभं राहावं लागत नाही अशीला. ती बहीणच असेल तर उत्तम. तिला सांग, मी मत विचारेपर्यंत बोलू नकोस, फक्त मी चालताना मागून आणि बाजूने व्हिडिओ काढ. आणि एक माप लहान घेण्याचा विषय तिने पुन्हा काढलाच तर गाऊन उलटा कर, तिच्या हातात टेप दे आणि आतली माया मोजायला लाव.